बुधवारी येणारा माणूस

निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. चौतीस वर्षांच्या नोकरीतले बहुतेक गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या खुनातली कुऱ्हाड कोणत्या ठाण्याच्या मालखान्यात होती, हेही नक्की सांगता येत नाही. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं समोर येतं, आणि बहुधा दुपारीच येतं. जेवण झालेलं असतं, कूलरची घरघर चालू असते, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलेला असतो. डोळा लागायच्या बेतात असतो तेव्हा मला तापलेल्या रस्त्यावरून काळी छत्री घेतलेला एक माणूस सावकाश चालत येताना दिसतो. त्या प्रकरणात रक्त सांडलं नाही, वर्तमानपत्रांत चार ओळींच्या वर काही आलं नाही. तरी ते सुटत नाही.

मी तेव्हा नागपूरच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत हुडकेश्वरच्या अलीकडे साठेक घरांची एक वस्ती होती. बहुतेक घरं नोकरदारांची आणि निवृत्तांची, निम्म्याहून अधिक बौद्ध कुटुंबांची. मधोमध एक विहार, त्याला लागून मुलांची अभ्यासिका. आधीच्या सरकारच्या काळात शहरातल्या काही वस्त्यांत एक योजना सुरू झाली होती. दर आठवड्याला साध्या वेशातला माणूस घरोघर जायचा आणि रजिस्टरमध्ये नोंद करायचा. घरात कोण राहतं, कोण पाहुणा आला, कोण कोणत्या सभेला गेलं, तिथे काय बोललं गेलं. या कामासाठी कंत्राटावर माणसं घेतली होती. त्यांना माहिती सहायक म्हणायचे. आमच्या वस्तीत तो बुधवारी जायचा. गुरुवारी रजिस्टर माझ्या टेबलावर यायचं आणि मी सही करायचो. खरं सांगायचं तर पानं उलटायचो, वाचायचो नाही.

लोकांना हे आवडत नव्हतं. निवडणुकीत तो मुद्दा झाला. सरकार बदललं आणि महिन्याभरातच परिपत्रक आलं: योजना बंद, रजिस्टरं सीलबंद करून आयुक्तालयात जमा करा, माहिती सहायकांची ओळखपत्रं परत घ्या. आम्ही तसं केलं. चार गठ्ठे बांधले, लाखेचं सील लावलं, पावती घेतली. माझ्या लेखी विषय संपला.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी, मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदार माझ्या खोलीत आला. हसू दाबत होता. म्हणाला, "सर, एक बाई आल्या आहेत. अर्ज घेऊन. तुम्हीच पाहा."

बाई पन्नाशीच्या, अंगणवाडी सेविका. पदराने घाम पुसत खुर्चीच्या टोकावर बसल्या. अर्ज स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता. विषय: येत्या बुधवारी माहितीवाले साहेब आमच्या घरी न पाठवणेबाबत.

"पोरीले पाहाले पाहुणे येऊन राहिले साहेब," त्या म्हणाल्या. "वर्धेचे लोक आहेत. त्यांच्यासमोर पोलीसवाला रजिस्टर घेऊन बसला तं काय म्हणतील? एक बुधवार सूट द्या. पुढच्या बुधवारी दोन्ही आठवड्यांचं सांगून देईन."

मी म्हणालो, "बाई, ते काम बंद होऊन आठ महिने झाले."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. नोकरीपायी खोटं बोलावं लागणाऱ्या माणसाकडे पाहावं, तसं. रागाने नव्हे, समजुतीने.

"तुम्हाले तसं सांगावंच लागते," त्या म्हणाल्या. "पण साहेब तं दर बुधवारी येतात. पहिले निळं रजिस्टर होतं, आता हिरवं आहे. तेवढाच फरक."

"काय विचारतात?"

"पहिले कोण आलं, कोण गेलं, तेच विचारत. आता बाकीचंही विचारतात. तब्येत कशी हाय, झोप लागते का, स्वप्नात काय दिसलं."

"स्वप्नात?"

"नवीन सरकार जास्त बारीक पाहून राहिलं, असं वाटलं आम्हाले."

ठाणे अंमलदाराचं हसू तिथेच थांबलं. मी अर्ज ठेवून घेतला आणि बाईंना सांगितलं की पाहुणे निर्धास्त येऊ द्या. याबद्दल कोणाशी बोलू नका, असंही सांगितलं.

मंगळवारी मी साध्या कपड्यांत माझ्या हवालदाराला घेऊन वस्तीत फिरलो. हवालदार जुना माणूस होता, माझ्याबरोबर तीन ठाण्यांत काम केलेला. ऊन असं होतं की रस्त्याच्या टोकाला पाणी साचल्यासारखं दिसायचं आणि जवळ गेलं की विरून जायचं. घरोघरी पडदे ओढलेले, कूलर चालू, माणसं अर्धवट झोपेतून उठून दार उघडायची. त्या गुंगीतच त्यांनी आम्हाला जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांना तो माणूस माहीत होता. त्याचं वर्णन मात्र दोघांचं जुळेना. एक म्हणे उंच, एक म्हणे बुटका. कोणी म्हणे चष्मा आहे, कोणी म्हणे नाही. छत्री तेवढी सगळ्यांना आठवत होती. पंचांना आणि साक्षीदारांना मी आयुष्यभर पाहिलं आहे. ज्याची भीती वाटते त्याचा चेहरा माणूस नीट पाहतो. ज्याची सवय झाली त्याचा पाहत नाही.

"ओळखपत्र कोणी मागितलं का?" मी प्रत्येक घरी विचारलं. कोणीही मागितलं नव्हतं.

एकवीस नंबरच्या घरात एक निवृत्त पोस्टमन राहत होते. मी त्यांना म्हणालो, "काकाजी, सरकारनं योजना बंद केल्याचं पेपरात आलं होतं. तुम्ही वाचलं नाही?"

"वाचलं ना," ते म्हणाले. "पण मले सांगा, पोस्टमन बदलला तं पत्रं यायची थांबतात काय?"

किराणा दुकानदाराचं म्हणणं असं की सरकार कोणतंही असो, कोणाच्या घरात काय शिजून राहिलं हे त्याला लागतंच. अभ्यासिकेतल्या एका मुलीने मोबाइल वर करून दाखवला आणि म्हणाली, "सर, खरं तं सगळं यातूनच जाते. ते काका येतात ते फक्त आम्हाले कळावं म्हणून." कोणाच्याच बोलण्यात चीड नव्हती. वर्षभरापूर्वी हेच लोक मोर्चा काढून आले होते, मी स्वतः त्यांचं निवेदन घेतलं होतं. आता ते या गोष्टीबद्दल उन्हाळ्याबद्दल बोलावं तसं बोलत होते.

बुधवारी आम्ही सापळा लावला. सापळा हा शब्द मोठा आहे. अंगणवाडी सेविकेच्या घरासमोर कडुलिंबाखाली खासगी गाडीत मी आणि हवालदार, आणि विहाराच्या पायरीवर साडी नेसून बसलेली आमची महिला शिपाई. एक वाजला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मग वळणावरून छत्री दिसली.

साठीकडे झुकलेला माणूस. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तो फाटकापाशी उभा राहायचा, हाक मारायचा नाही. तरी दार उघडायचं. आतून पाण्याचा तांब्या यायचा. तो ओट्यावर बसायचा, समोरचं माणूस बोलायचं, तो लिहायचा. कोणी घाईत नव्हतं. गाडीतल्या उकाड्यात मला क्षणभर वाटलं की आपणच इथे परके आहोत. चौथ्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा मी उतरून समोर गेलो आणि ओळखपत्र दाखवलं.

त्याने छत्री मिटली. "चला," म्हणाला. "मले वाटलं होतं तुम्ही पहिल्याच महिन्यात याल."

ठाण्यात त्याला माझ्या खोलीत बसवलं. चौकशीचा माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, आणि खरं बोलणाऱ्याला तपशील विचारून काढावे लागतात. हा दुसऱ्या प्रकारातला होता. नाव-पत्ता सांगितला. राहायला सक्करदऱ्याला, तलावापासून जवळ, एकटाच. बायको दीड वर्षापूर्वी वारली. मूलबाळ नाही. आधीच्या योजनेत कंत्राटी माहिती सहायक होता. ज्याच्या निळ्या रजिस्टरवर मी दर गुरुवारी सही करायचो तो हाच. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"योजना बंद झाल्याचं तुला कळवलं होतं?"

"हो साहेब. ओळखपत्र जमा केलं, त्याची पावती आहे घरी."

"मग काहून गेलास?"

"पहिला बुधवार घरीच होतो. दुसऱ्या बुधवारी त्या बाजूने दुसऱ्या कामाने जाऊन राहिलो होतो. एका बाईनं फाटकातून हाक मारली, साहेब, मागच्या बुधवारी आले नाई? मी काही म्हणायच्या आत पाणी आणलं. अन् मी विचारलं नसताना सांगू लागली. भाऊ आला होता, दोन दिवस राहिला, काल गेला. मी म्हटलं, बरं. पुढच्या घरची काकू म्हणे, आमची नोंद नाई घेत काय? मी इतवारीतून एक रजिस्टर आणलं साहेब. हिरवंच होतं दुकानात."

"त्यांना खरं सांगता आलं असतं."

"दोघांना सांगितलं. ते हसले. म्हणे, तुम्हाले तसं सांगावंच लागते."

दोन दिवसांपूर्वी मला ऐकवलेलं हेच वाक्य होतं. मी पुढचा प्रश्न विचारला. "आणि हे झोप, स्वप्नं?"

"प्रश्न संपले होते," तो म्हणाला. "अन् उठून जावंसं वाटत नव्हतं."

पैसे मागितल्याचा, धमकावल्याचा एकही आरोप त्याच्यावर कोणी केला नव्हता. मी रजिस्टर उघडलं. चौतीस वर्षांत असा दस्तऐवज माझ्या हातात आला नाही. प्रत्येक पानावर वर घर क्रमांक, खाली रेघा आखलेल्या, अक्षर सरळ. एकीच्या स्वप्नात तिची मेलेली आई तलावाच्या पाण्यावरून चालत येत होती आणि तिच्या पायांना पाणी लागत नव्हतं. एका निवृत्त कारकुनाला रोज दिसायचं की तो ऑफिसला उशिरा पोचला आहे आणि ऑफिसच्या जागी संत्र्याची बाग आहे. कोणाला मुलाच्या व्यसनाची काळजी, कोणाला छातीत दुखतं पण घरी सांगितलं नाही. मी वाचत गेलो. बाहेर दुपार कलत होती, वायरलेसवर कोणी तरी कोणाला तरी बोलावत होतं, आणि मला वाटत होतं की मी एका झोपलेल्या वस्तीच्या उशाशी बसलो आहे. आधीच्या रजिस्टरांत काय होतं, हे मी कधीच पाहिलं नव्हतं, याची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

"हे तू कोणाला दाखवलंस?" हा प्रश्न मी केवळ पद्धत म्हणून विचारला.

"तुमच्याच माणसाले. शनिवारी."

मी रजिस्टर मिटलं. "माझ्या कोणत्या माणसाला?"

त्याने सांगितलं ते असं. संध्याकाळी तो तलावाकाठच्या बाकावर बसतो, वस्तीत हे सगळ्यांना माहीत. शनिवारी एक चांगल्या कपड्यातला माणूस शेजारी येऊन बसला. खिशातून कार्ड काढून झटकन दाखवलं. म्हणाला, मी वरच्या ऑफिसातून आलो. तुम्ही काम बंद केलं नाही हे आम्हाला माहीत आहे. साहेब लोक खूश आहेत.

हे सांगताना त्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "मले वाटलंच होतं साहेब. सरकार असं एकदम कसं बंद करेल. वर कोणी तरी पाहूनच राहिलं असेल. म्हणून त्याने नवीन भाडेकरूचं पान मागितलं तं दिलं. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला."

"कोणतं पान?"

"एकवीस नंबर. मागची खोली."

तोतयाला तोतया ओळखू आला नव्हता. मी पान काढलं. पोस्टमन काकाजींच्या मागच्या खोलीत सहा महिन्यांपासून एक नर्स भाड्याने राहत होती, चार वर्षांच्या मुलीसह. मंगळवारी ती ड्युटीवर होती म्हणून आमची भेट झाली नव्हती. पानावर सगळं होतं. नवऱ्याच्या मारहाणीमुळे दुसऱ्या जिल्ह्यातून निघून आली. मुलीचा ताबा कोर्टाने आईकडे दिला आहे. नवरा आणि त्याचा मोठा भाऊ शोधत आहेत, म्हणून शेजारी कोणाला माहेर-सासर सांगत नाही. ड्युटी सकाळी आठ ते चार. मुलगी घरमालकिणीकडे राहते. मुलीचं घरातलं लाडाचं नाव. मांजराला भिते. आईची ओढणी हातात असल्याशिवाय झोपत नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी काकाजींना फोन लावला, कोणी उचलला नाही. जवळच्या बीटवरच्या शिपायाला पाठवलं आणि आम्ही गाडीत बसलो. पोचलो तेव्हा घरमालकीण अंगणात उभी होती, अजून काही कळलेलं नव्हतं तिला.

"आत्ताच नेलं," ती म्हणाली. "वीस मिनिटं झाली असतील. वरच्या ऑफिसातून आले होते दोघं. एक गाडीतच बसून होता. म्हणे, आईनं हॉस्पिटलात बोलावलं. मी पहिले नाही म्हटलं साहेब. पण त्याहिले सगळं माहीत होतं. पोरीचं लाडाचं नाव घेऊन हाक मारली. अन् म्हणे, ओढणी पण द्या, नाही तं झोपणार नाही. इतकं तं सरकारलेच माहीत असते ना."

पांढरी चारचाकी, एवढंच तिला सांगता आलं. मी कंट्रोलला मेसेज दिला, उमरेडकडे आणि भंडाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली. इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाही तर हे लिखाण एकांगी होईल. गाडी सापडली ती चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यामुळे. कंट्रोल रूममधल्या मुलीने दहा मिनिटांत त्या गाडीचा नंबर आणि दिशा काढून दिली. लोकांच्या घरात शिरलेल्या नजरेने ते मूल घालवलं होतं आणि रस्त्यावरच्या नजरेने ते परत आणलं. या दोन्हीचा हिशेब एका वाक्यात करणारा माणूस मला भेटला की मी त्याच्यावर पटकन विश्वास ठेवत नाही.

त्यापुढे माझी हुशारी काही नाही. शहराबाहेर एका रेल्वे फाटकावर मालगाडीसाठी रांग लागली होती. त्या रांगेत ती गाडी उभी होती. आमचा शिपाई मोटारसायकलवरून तिथे पोचला आणि चावी काढून घेतली. मी गेलो तेव्हा मालगाडी अजून जात होती, डब्यामागून डबा, कोळशाची काळी धूळ उन्हात तरंगत होती. पुढच्या सीटवर तिचा बाप आणि त्याचा मोठा भाऊ होते; तलावाकाठी कार्ड दाखवणारा तो हाच भाऊ. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, ओढणी गालाखाली धरून. तिला यातलं काहीच कळलेलं नव्हतं. हवालदाराने तिला उचललं, तेव्हाही ती जागी झाली नाही.

नर्स ठाण्यात आली ती गणवेशातच. मुलीला मांडीवर घेऊन बसली. महिला शिपायाने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. जबाब घ्यायचा होता, पण मी घाई केली नाही. शेवटी मीच विचारलं, "सिस्टर, तुम्ही शेजाऱ्यांनासुद्धा काही सांगितलं नव्हतं. मग त्याला एवढं सगळं का सांगितलं?"

"तो सरकारचा होता," ती म्हणाली.

तिने मुलीच्या अंगावरची ओढणी सारखी केली.

"मी सगळ्यांपासून लपून राहिले साहेब. नवऱ्यापासून, सासरपासून, माझ्या सख्ख्या मावशीपासून. मला वाटलं, सरकारपासून लपायचं नसतं. लपलं तर तो गुन्हा होईल आणि मुलगी माझ्याकडून काढून घेतील. म्हणून त्यांनी विचारलं त्याच्याही पेक्षा जास्त सांगितलं. वाटलं, कुठे तरी लिहून राहिलं तर उद्या कामाला येईल."

तिचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. नवरा आणि त्याच्या भावावर गुन्हा दाखल झाला. छत्रीवाल्यावर लोकसेवक असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा लावला. त्याने न्यायालयात सगळं कबूल केलं आणि झालेली शिक्षा भोगून आला. पोलीस कोठडीत असताना त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती: त्या मुलीचं काय झालं ते सांगा. ती सापडली हे कळल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि सकाळपर्यंत उठला नाही.

वरिष्ठांच्या सूचनेवरून मी वस्तीत एक बैठक घेतली. संध्याकाळची वेळ, विहाराचं अंगण पाणी मारून गार केलेलं, लोक सतरंज्यांवर बसलेले. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. आता कोणी नोंद घेत नाही. योजना बंद म्हणजे बंद. कोणीही घरी आला तर ओळखपत्र मागा, आमचा माणूस असला तरी मागा. लोकांनी शांतपणे ऐकलं. नागपूरची माणसं साहेबाचं बोलणं मधे तोडत नाहीत.

मग मागून एक आजोबा उठले. रेल्वेत फिटर होते. दीक्षाभूमीवर आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून आपणही दीक्षा घेतली, हे ते अभिमानाने सांगायचे. "जय भीम साहेब," ते म्हणाले. "तुमचं सगळं ऐकलं. पटलंही. एकच विचारतो. तुमच्या मागं तो पोरगा काय लिहून राहिला?"

मी वळून पाहिलं. आमचा गोपनीय शाखेचा शिपाई भिंतीला टेकून एका कागदावर हजर असलेल्यांची नावं लिहीत होता. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे सभा म्हटली की कोण कोण आलं ते लिहितात, मी फौजदार झालो त्या दिवसापासून लिहितात. तो बिचारा घाबरून उभा राहिला.

मी कागद घेतला आणि आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग शर्टाच्या खिशातलं पेन काढून एका ठिकाणी दुरुस्ती केली आणि कागद मला परत दिला.

"माझं आडनाव चुकवलं होतं," ते म्हणाले. "लिहायचंच असेल तं बरोबर लिहा."

मी तो कागद तिथेच फाडला. वाटलं होतं, आता तरी लोकांना खरं वाटेल. मागच्या रांगेतून एक बाई हळूच दुसरीला म्हणाली, "झेरॉक्स असेल वं त्यायच्यापाशी." आणि त्या दोघी उठून स्वयंपाकाला गेल्या.

पुढे महिन्याभराने नर्स एकदा ठाण्यात आली. खोली सोडली होती, दुसरीकडे नोकरी मिळाली होती. मुलगी खिडकीच्या गजांतून बाहेरचं झाड पाहत उभी होती. कोर्टाच्या तारखांचं बोलणं झालं. मी सवयीने पेन उचललं आणि विचारलं, "आता राहायला कुठे?"

"वकिलांकडे पत्ता दिला आहे साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सांगत. राग मानू नका."

माझ्यासमोर बसून मला उत्तर नाकारणारे लोक मी पुष्कळ पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा संताप आला होता. त्या दिवशी आला नाही. मी पेनाचं टोपण लावलं. ती मुलीचा हात धरून फाटकाबाहेर गेली, उजवीकडे वळली की डावीकडे, तेही मी पाहिलं नाही.

नोकरीत आम्हाला शिकवतात की लोकांचा पोलिसांवर विश्वास असला की ते सगळं सांगतात. मीही नव्या पोरांना हेच शिकवत आलो. त्या वस्तीने ते मला उलटं करून दाखवलं. सगळं सांगणाऱ्या साठ घरांचा सरकारवर काडीचा विश्वास नव्हता, जुन्यावर नव्हता आणि नव्यावरही नव्हता. म्हणून तर ते सांगत होते. सरकार बदलणं एका दिवसाचं काम असतं, परिपत्रक काढणं त्याहून सोपं. पण फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत घेण्याआधी "तुम्ही कोण?" असं विचारायला किती वर्षं लागतील, हे मला माहीत नाही. माझ्या हद्दीत तेवढं त्या एकट्या नर्सने केलं, मुलगी हातची जाता जाता राहिल्यावर. तो नकार ऐकायला मी समोर होतो, एवढंच.